पाखराआधीची तेवीस मिनिटं

शनिवारची शाळा सकाळची.
मुकुटबनची बस मला फाट्यावर सोडते,
तिथून पायी, दोन्हीकडं पऱ्हाटी.
पर्समध्ये डबा, छत्री, पेनड्राइव्ह,
पेनड्राइव्हमध्ये एक राजकन्या.

काळी.
सावळी नाही, गव्हाळ नाही,
माझ्या बायोडेटात मामानं लिहिलेली
'निमगोरी' तर नाहीच.
काळी, ओलीत केलेल्या वावरासारखी,
केस असे की फणीनं हात जोडावेत.

ग्रामपंचायतीनं दिलेला टीव्ही,
सतरंजीवर एकोणतीस पोरं.
ती पायऱ्या उतरत आली
आणि वर्ग गप्पच झाला.
मग मागून चेतस गेडाम:
"अबे, शेजल हाय थे!"

हाच पोट्टा तिला रोज तव्याचं बूड म्हणतो.
आजही तो तिच्या रंगावरच बोलला होता,
पण वेगळं लागलं. मला तरी.
शेजल सिडामनं मागं पाहिलं नाही.
फ्रॉक गुडघ्यावर ओढून घेतला
आणि पाठ ताठ केली.

राजकन्येला मुकुट होता, आई होती, एक नदी होती.
नदी नकाशावर दाखवू म्हटलं,
तर आमचा नकाशा नेमका आफ्रिकेवरच फाटलेला,
उंदरानं की वाळवीनं, कोण जाणे.
बोलत होती हिंदीत, बातम्यांसारखं शुद्ध.
"थे आपल्यासारकी नाई बोलत वो."
"राजकन्या हाय ना बे."

मग चेटकिणीनं फुंकर मारली
आणि ती पाखरू झाली.

पाखरू देखणं होतं. निळं.
खांबावर आपटलं, पिठात पडलं,
पोरं लोळून हसली.
मी हजेरीपट भरत होते.
शेजल भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होती.

"मॅडम, थे मानूस कवा होते?"
होईल की.
"गोऱ्या राजकन्या त नाई होत पाखरू."
त्यांच्यावरही संकटं येतात गं. कुणी हरवते, कुणी झोपूनच राहते.
"झोपल्या तरी तोंड दिसते ना वो त्यायचं."

यावर डी.एड.ला काही शिकवलं नव्हतं.

सव्वाअकराला लाइन गेली.
पाखरू पंख पसरल्या जागी विझलं.
टीव्हीच्या काळ्या काचेत
अख्खा वर्ग दिसायला लागला,
एकोणतीस तोंडं, आणि खिडकीतला कडुनिंब.
कुणीतरी काचेला पाहून दात काढले,
मग सगळ्यांनीच.

शेवट मला ठाऊक होता.
शेवटची चार मिनिटं ती पुन्हा माणूस होते,
लग्नापुरती.
सांगितला नाही.

सुटी झाली. शेजल फाट्यापर्यंत सोबत आली,
तिची माय तिकडं निंदणाला होती.
आमच्याकडं गावाला पांढरी म्हणतात, शेताला काळी.
पांढरी मागं राहिली, आम्ही काळीतून चाललो.

"तेवीस मिनिटं होती थे. मी मोजले.
सोमवारी पयल्यापासून लावसान?
पाखरू व्हाची येळ आली का बंद करजा."
आणि पुढं काय?
"पुढचं मी सांगतो ना."

आणि सांगायलाच लागली.
चेटकीण फुंकर मारते, तर राजकन्येला नुसती शिंक येते.
मग ती नदीतले खेकडे धरते, एक बोटाला लटकतो.
मग कापसाच्या काट्यावर जाते,
मापाऱ्याला म्हणते, पारड्याखालचा पाय काढ आधी.
मग तिला भूक लागते.
मुकुट टोचतो म्हणून ती तो डब्यात ठेवते,
भाकरीच्या वर.

"भाकरीले तेल लागते मंग मुकुटाचं," ती स्वतःच म्हणाली,
"नाई, भाकरीचं मुकुटाले,"
आणि या गोंधळावर थांबून हसत राहिली.

फाटा आला. धूळ उडवत बस आली.
मी चढले, मागची खिडकी गाठली.
ती रस्त्याच्या कडेला उभी राहून
हातवारे करत अजून काही सांगत होती,
इंजिनाच्या आवाजात कळलं नाही.

घड्याळ पाहिलं.
राजकन्या अजून माणूसच होती.